‘राष्ट्र म्हणजे काय?’ असे विचारणारे नाटक

31 मे 1966 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या प्रजासत्ताकाला पाच वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त प्रिटोरियात मोठा सोहळा भरला होता आणि पंतप्रधान हेंड्रिक फरवूर्ट यांचे भाषण होते. वर्णभेदाच्या राज्यव्यवस्थेला शास्त्रशुद्ध आकार देणारा हा माणूस एके काळी स्टेलेनबॉश विद्यापीठात प्राध्यापक होता आणि पुढे वृत्तपत्राचा संपादकही झाला, त्यामुळे शब्दांचे वजन तो जाणत होता. त्या दिवशी त्याने आपल्या भाषेतल्या लेखकांबद्दल नाराजी बोलून दाखवली. राष्ट्राच्या पराक्रमाचे पोवाडे गाणारे लेखक आम्हाला हवे आहेत, राष्ट्र म्हणजे काय असे विचारत बसणारे नकोत, असा त्या बोलण्याचा आशय होता. रोख कोणाकडे आहे हे श्रोत्यांना लगेच कळले. त्याच महोत्सवासाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या एका नाटकाच्या आरंभी एक म्हातारी स्त्री नेमका हाच प्रश्न विचारते. नाटकाचे नाव ‘दी प्लोइमसाट वाय फेर’ आणि नाटककार एन. पी. फान वेक लोउ, म्हणजे आफ्रिकान्स या, डच वसाहतकारांच्या बोलीतून घडलेल्या भाषेचा त्या काळचा सर्वांत मोठा कवी.

ज्या दिवशी हे भाषण झाले त्या तारखेला आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या समाजाच्या स्मृतीत अनेक थर आहेत. ब्रिटिशांविरुद्धचे युद्ध हरल्यावर 31 मे 1902 रोजी बोअर (हे आफ्रिकानरांचेच जुने नाव) सेनानींनी प्रिटोरियातच तहावर सह्या केल्या आणि त्यांची दोन्ही प्रजासत्ताके, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट, ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाली. 1910 साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेचा संघ स्थापन झाला आणि 1961 साली याच तारखेला प्रजासत्ताक जाहीर करून त्या जुन्या पराभवाचे जणू उट्टे काढले गेले. म्हणजे 1966 चा तो सोहळा एका हरलेल्या युद्धाचा उशिरा मिळालेला विजयोत्सवही होता. अशा प्रसंगी त्या युद्धावरचे नाटक ज्यांनी मागवले त्यांना काय अपेक्षित असेल, हे सांगायला नको. लोउ यांनी जे दिले ते वेगळेच होते, आणि त्या वेगळेपणाविषयी मला गेली काही वर्षे सारखे लिहावेसे वाटत आले आहे.

लोउ बंडखोर नव्हते, ही गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे. 1906 साली कारूच्या कोरड्या पठारावरच्या सदरलँड या गावी त्यांचा जन्म झाला. 1930 च्या दशकातल्या ज्या कवींनी आफ्रिकान्स कवितेला शेतघराच्या ओसरीवरून उचलून युरोपीय साहित्याच्या तोलामोलाची केली, त्यांचे ते अग्रणी होते. ग्रेट ट्रेकच्या, म्हणजे बोअरांनी ब्रिटिश अंमलातून बाहेर पडून देशाच्या अंतर्भागात केलेल्या स्थलांतराच्या शताब्दीसाठी 1938 साली त्यांनी समूहस्वरांचे एक नाट्यकाव्य लिहून दिले होते, म्हणजे राष्ट्रीय समारंभासाठी लिहिणे त्यांना नवीन नव्हते. तरुणपणी ते कडव्या राष्ट्रवादाकडे चांगलेच झुकलेले होते. मात्र 1939 सालच्या निबंधसंग्रहात त्यांनी ‘निष्ठावंत प्रतिकार’ ही कल्पना मांडली. आपल्या लोकांवर टीका करणारा माणूस त्यांच्या बाहेर उभा नसतो, तो त्यांच्यातलाच असतो, त्यांच्याशी बांधलेला असतो आणि म्हणूनच त्याला गप्प बसता येत नाही, असा त्या कल्पनेचा गाभा आहे. पुढे ॲमस्टरडॅम विद्यापीठात आठ वर्षे अध्यापन करताना त्यांनी त्याहून अवघड प्रश्न विचारला. एखादा छोटा समाज केवळ जगून राहावा यासाठी अन्यायाने वागू लागला, तर त्याचे ते जगणे टिकवण्याच्या लायकीचे राहते का? न्यायासह तगून राहणे ही त्यांची अट होती. वर्णभेदाच्या सरकारचे आपल्याच घरातल्या या माणसापुढे जे अवघडलेपण झाले असेल, त्याचे मूळ या अटीत आहे.

नाटकाचे पूर्ण नाव ‘पिसांचे बी दूर उडते, किंवा कडू आरंभ’ असे आहे. रुईचे बोंड तडकले की त्यातले तंतू वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात आणि कुठे रुजतील याचा नेम नसतो, तसे काहीसे. ‘कडू आरंभ’ या उपशीर्षकाला युद्धाचा संदर्भ आहे. शेवटच्या क्षणापर्यंत शस्त्र खाली न ठेवणाऱ्या बोअरांना ‘कडव्या शेवटाचे’ म्हणत आणि हे बिरूद त्यांची नातवंडे अभिमानाने मिरवत. लोउ यांनी शेवटाच्या जागी आरंभ ठेवला. ज्या युद्धाने आफ्रिकानर समाज घडला असे सगळे समजत होते, त्याच्या पायातच कडवटपणा आहे, असे मी त्या उपशीर्षकाचे वाचन करतो.

11 ऑक्टोबर 1899 रोजी सुरू झालेले हे युद्ध पहिल्या काही महिन्यांत बोअरांनी झपाट्याने लढले. मग फेब्रुवारी 1900 मध्ये पार्डेबर्ग येथे जनरल पीट क्रोनिए सुमारे चार हजार माणसांसह शरण गेला आणि जुलैमध्ये ब्रँडवॉटरच्या खोऱ्यात प्रिन्सलूने त्याहून थोड्या अधिक लोकांसह शस्त्रे टाकली. राजधान्या पडल्या. त्यानंतरची दोन वर्षे गनिमी काव्याची होती. ब्रिटिशांनी सुमारे तीस हजार शेतघरे जाळली, गुरेढोरे मारली आणि बायकामुलांना छळछावण्यांत कोंडले. गोवर, विषमज्वर आणि उपासमार यांनी तिथे सुमारे 26 ते 28 हजार बोअर माणसे मेली आणि त्यांतली बहुसंख्य सोळा वर्षांखालची मुले होती. एवढ्याशा समाजात असे घर सापडणे कठीण होते जिथले कोणी गेले नाही. त्या दुःखावर लाइपोल्ट आणि टोटियस यांच्या पिढीने कविता रचल्या, ब्लूमफाँटेनला 1913 साली स्त्रियांचे स्मारक उभे राहिले आणि हळूहळू या दुःखातून एक पक्की समजूत तयार झाली, की आपण सगळे एकजुटीने लढलो, एकत्र सोसले आणि त्यातूनच एक राष्ट्र झालो.

लोउ यांचे नाटक या समजुतीला हात घालते. त्याच्या मध्यभागी ऑरेंज फ्री स्टेटचा अध्यक्ष मार्टिनुस स्टेन आहे. त्याच्याविषयी नाटककाराला अपार आदर आहे आणि तो कुठेही लपत नाही. पण स्टेनच्या भोवती जे लोक येतात त्यांत खरे वीर आहेत तसे भित्रे आहेत, थकलेले आहेत, हात वर करून शरण गेलेले आहेत आणि त्यांच्याही पलीकडे गेलेले फितूर आहेत. ब्रिटिशांकडून गणवेश आणि पगार घेऊन आपल्याच भावांचा माग काढणाऱ्यांची संख्या युद्धाच्या अखेरीस पाच हजारांवर गेली होती. त्या वेळी मैदानात उरलेले लढवय्ये वीस हजारांच्या आसपास होते. हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे एकजुटीची गोष्ट किती पातळ पायावर उभी होती ते दिसते.

यातला एक तपशील फार बोलका आहे. क्रिस्टियान द वेट हा गनिमी काव्याचा सर्वांत नामांकित बोअर सेनानी, ब्रिटिशांच्या हातावर शेवटपर्यंत तुरी देत राहिलेला. त्याचा सख्खा भाऊ पीट द वेट हाही कसलेला सेनानी होता. मे 1900 च्या अखेरीस लिंडली येथे त्याने ब्रिटिशांच्या एका घोडदळाच्या पलटणीला शरण यायला लावले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तोच क्रूनस्टाट येथे शरण गेला आणि पुढे ब्रिटिशांच्या बाजूने आपल्या लोकांविरुद्ध मोहिमेत उतरला. आणखी लढणे म्हणजे उरलासुरला देश बेचिराख करणे आहे, असे तो म्हणत असे. भाऊ त्याला आयुष्यभर माफ करू शकला नाही. पीट भेकड होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि क्रिस्टियानचा निर्धार व्यर्थ होता असेही म्हणवत नाही. जळालेल्या शेतघरांच्या हिशेबात पीटचे म्हणणे खरे ठरते आणि स्टेनच्या स्वाभिमानाच्या हिशेबात क्रिस्टियानचे. एकाच घरातल्या दोन माणसांना अशा जागी नेऊन उभे करणारी गोष्ट म्हणजे युद्ध, आणि नंतरची पिढी त्यातला एकच भाऊ पाठ्यपुस्तकात ठेवते.

म्हणून हे नाटक युद्धविरोधी आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी होय असे देतो, जरी लोउ स्वतःला शांततावादी म्हणवत नव्हते. त्यात शांततेचे गोडवे नाहीत आणि स्टेनच्या न झुकण्याचे मोल कमी केलेले नाही. पण युद्धाकडे वळणाऱ्या समाजाला जे सर्वांत मोठे आमिष दाखवले जाते, ते म्हणजे ‘या यज्ञातून आपण एक होऊन बाहेर पडू’, तेच हे नाटक काढून घेते. मृतांचे आकडे दाखवून कोणाला युद्धापासून परावृत्त करता येत नाही, कारण मृतांना हुतात्मे ठरवण्याची सोय प्रत्येक राज्यसत्तेकडे असते. फितुरांची सोय मात्र लावता येत नाही. म्हातारीचा प्रश्न फरवूर्ट यांना इतका झोंबला याचे कारण हेच असावे.

स्टेनच्या आयुष्यातले दोन प्रसंग मला या प्रश्नाच्या फार जवळचे वाटतात. 11 जुलै 1901 च्या पहाटे ब्रिटिश तुकडीने राइट्स या लहानशा गावावर छापा घातला. फ्री स्टेटचे जवळजवळ सगळे सरकार तिथे झोपलेले होते आणि ते पकडले गेले. अध्यक्ष मात्र रात्रीच्या कपड्यांतच घोड्यावर बसून निसटला. त्याला उठवले त्याच्या आचाऱ्याने. यान राउटर नावाचा हा माणूस गोरा नव्हता. सैनिकांनी पळणाऱ्या स्वाराकडे बोट दाखवून विचारले तेव्हा, कुणी म्हातारा बोअर असेल, असे सांगून त्याने वेळ मारून नेली, असे सांगतात. हेर ज्याच्या मागावर होते त्या अध्यक्षाला वाचवणारा हा माणूस स्वतःला कोणत्या राष्ट्राचा समजत असेल? ज्यांचे राज्य त्याने त्या पहाटे वाचवले, त्यांच्या कायद्यात त्याला मताचा अधिकार नव्हता, आणि साठ वर्षांनी त्यांच्याच नातवंडांनी केलेल्या कायद्यात तर त्याच्या वंशजांना गोऱ्यांच्या नाट्यगृहात बसण्याचीही मुभा नव्हती.

दुसरा प्रसंग तहाच्या वेळचा. तोवर स्टेन स्नायूंच्या विलक्षण दुबळेपणाने जवळजवळ लुळा पडला होता. तह नको असे त्याचे ठाम मत होते, पण देहाने साथ सोडली. सह्या होण्याच्या दोन दिवस आधी, 29 मे 1902 रोजी, त्याने पद सोडले आणि त्याच्या जागी हंगामी अध्यक्ष म्हणून सही करण्याची वेळ क्रिस्टियान द वेटवर आली. प्रतिनिधींचे मतदान 54 विरुद्ध 6 असे झाले. त्या तहाच्या आठव्या कलमात लिहिले आहे की स्थानिक आफ्रिकी लोकांना मताधिकार द्यावा की नाही, याचा विचार स्वराज्य मिळाल्यानंतर केला जाईल. तीन वर्षे एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन गोऱ्या पक्षांचे या एका मुद्द्यावर मात्र फारसे भांडण झाले नाही.

इथेच मला या नाटकाची मर्यादाही नोंदवावीशी वाटते. छावण्या केवळ बोअरांसाठी नव्हत्या. शेतांवर राबणाऱ्या काळ्या कुटुंबांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि त्यांत किमान 14 हजार माणसे मेली, प्रत्यक्ष आकडा 20 हजारांच्या वर असावा असे आजचे इतिहासकार मानतात. ब्लूमफाँटेनचे स्मारक उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी एक दगडही बसवला गेला नाही. लोउ यांनी राष्ट्राची व्याख्या विचारली खरी, पण त्यांनी ज्या परिघात ती विचारली तो परिघ आफ्रिकानरांचाच होता. 1965 पासून मिश्र प्रेक्षकांवर सरकारने बंदी घातलेली होती, त्यामुळे ज्यांच्यासमोर तो प्रश्न विचारला गेला ते प्रेक्षकही गोरेच होते. तरी मी त्यांचे ऋण मानतो. कारण एकदा व्याख्या विचारली गेली, की तिच्या कडेला कोण उभे आहे हे पुढच्याला दिसू लागते.

या युद्धाचा एक धागा आपल्या अहमदनगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत येतो, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. पकडलेल्या बोअरांना मायदेशात ठेवणे धोक्याचे वाटल्याने ब्रिटिशांनी वीस हजारांहून अधिक कैदी समुद्रापार धाडले. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानातल्या छावण्यांत 1901 पासून हजारो बोअर होते आणि त्यांतली एक नगरच्या भुईकोट किल्ल्यात होती. 1942 ते 1945 या काळात नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य याच किल्ल्यात होते, ही गोष्ट शाळेपासून आपल्याला सांगितली जाते, आणि बोअरांची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. किल्ल्याच्या त्याच तटाआड, नेहरूंच्या चाळीस वर्षे आधी, दुसऱ्या एका साम्राज्यविरोधी लढ्यातले शेतकरी दख्खनच्या उन्हात दिवस काढत होते आणि त्यांतले काही इथेच वारले. युद्ध संपल्यावर राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्याशिवाय घरी जाता येत नव्हते. बहुतेकांनी ती घेतली. काहींनी घेतली नाही आणि तह होऊन गेल्यावरही ते हिंदुस्थानात अडकून पडले. शपथ घेणारा आणि न घेणारा एकाच बराकीत झोपत असतील तर त्यांचे आपापसांत काय बोलणे होत असेल, याचा विचार मी किल्ल्याच्या खंदकाकाठी अनेकदा केला आहे. लोउ यांच्या नाटकातले भांडण इथे, आपल्या मातीत, कैद्यांच्या रोजच्या जगण्यात चालले असणार.

फरवूर्ट यांच्या भाषणानंतर वृत्तपत्रांत वाद पेटला. लोउ यांच्या बाजूने लिहिणारेही पुष्कळ होते, कारण त्यांच्या निष्ठेवर शंका घेणे कोणालाच सोपे नव्हते. पण ते वर्ष फार वेगाने पुढे सरकले. 26 ऑगस्ट 1966 रोजी, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेल्या नामिबियाच्या उत्तर भागात, ओमुगुलुगुओम्बाशे येथे दक्षिण आफ्रिकी पोलिसांनी स्वापो या स्वातंत्र्यवादी संघटनेच्या तळावर हल्ला केला आणि पुढे तेवीस वर्षे चाललेल्या ‘सीमेवरच्या युद्धा’ची ती पहिली चकमक ठरली. 6 सप्टेंबरला फरवूर्ट यांचा संसदेच्या सभागृहातच खून झाला. पुढच्या वर्षी गोऱ्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली, आधी नऊ महिन्यांची, मग एक वर्षाची आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण दोन वर्षांची. नाटकाने ज्या महिन्यात विचारणा केली त्यापासून तीन महिन्यांत राज्यसत्तेचे स्वतःचे युद्ध सुरू झाले होते. लोउ 18 जून 1970 रोजी वारले. नाटक पुस्तकरूपाने 1972 साली, त्यांच्या पश्चात आले.

त्यानंतर आफ्रिकान्स रंगभूमीवर युद्धाचा विषय पुन्हा पुन्हा येत राहिला. पीटर फूरी यांनी 1976 साली बोअर युद्धातल्या फितुरालाच नाटकाचा नायक केले. ते वर्ष सोवेटोच्या उठावाचे आहे. शाळेत आफ्रिकान्स माध्यमाची सक्ती नको म्हणून रस्त्यावर उतरलेल्या काळ्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यामुळे त्या भाषेत लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपली भाषा कोणाच्या हाती आहे हे पाहणे भाग पडले. 1984 मध्ये विशीतल्या डिऑन ऑपरमन याने ‘उद्याचा दिवस मोठा आहे’ अशा अर्थाचे नाव असलेले नाटक लिहिले. त्यात सेनानी नाहीत, अध्यक्ष नाहीत. सीमेवरच्या छावणीतले सक्तीने भरती झालेले गोरे पोरगे आहेत, त्यांची भीती आहे, एकमेकांना छळणे आहे, आणि आपण इथे का आहोत याचे उत्तर कोणापाशी नसणे आहे. संरक्षण कायद्यामुळे वृत्तपत्रांना सैन्याच्या हालचालींविषयी परवानगीशिवाय छापता येत नव्हते. अशा काळात घरोघरी परतणाऱ्या मुलांच्या मनाची बातमी नाटकातूनच मिळत होती.

याच सुमारास इंग्रजी रंगभूमीवर अँथनी ॲकरमनचे ‘समव्हेअर ऑन द बॉर्डर’ आले, ज्यातल्या लष्करी छावणीत आफ्रिकान्स शिव्यांचा आणि हुकमांचा सुळसुळाट आहे. नेदरलँड्समध्ये परागंदा असताना त्याने ते लिहिले, 1983 साली त्याच्या संहितेवर मायदेशी बंदी आली आणि 1986 मध्ये ग्रॅहम्सटाउनच्या नाट्यमहोत्सवात त्याचा प्रयोग झाला. तोवर सक्तीच्या भरतीविरुद्ध संघटित मोहीम उभी राहिली होती. 1983 साली सुरू झालेल्या या मोहिमेवर 1988 साली सरकारने निर्बंध घातले, त्याच महिन्यात 143 तरुणांनी आपण सैन्यात जाणार नाही असे जाहीर केले. त्यांतल्या काहींचे आजोबा कदाचित बोअर युद्धातल्या छावणीत वाढलेले असतील. 21 मार्च 1990 रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

या तिन्ही पिढ्यांच्या नाटकांत मला लोउ यांचेच सर्वांत अवघड वाटते. ऑपरमन आणि ॲकरमन यांच्या पोरग्यांवर युद्ध वरून लादलेले आहे, त्यांच्याविषयी सहानुभूती वाटायला वेळ लागत नाही. लोउ यांच्यापुढचे युद्ध मात्र न्याय्य होते, निदान त्यांच्या लोकांच्या दृष्टीने. परक्या साम्राज्याने सोन्याच्या खाणींसाठी लादलेले, लेकराबाळांचे बळी घेणारे. अशा युद्धाविषयीही शंका विचारणे, आणि तीही आपल्याच विजयोत्सवात, आपल्याच खर्चाने उभारलेल्या रंगमंचावर, याला फार मोठे काळीज लागते.

हे नाटक मराठीत यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आफ्रिकान्स जाणणारे मराठी लोक थोडे असले तरी डच जाणणारे आहेत आणि त्या वाटेने संहितेपर्यंत पोहोचता येते. प्रसंग पुष्कळ, पात्रे पुष्कळ, त्यामुळे व्यावसायिक निर्मात्याला ते परवडणार नाही, पण राज्य नाट्य स्पर्धेत पंचवीस-तीस कलावंत घेऊन उतरणाऱ्या हौशी संस्थांना असेच काम हवे असते. नेपथ्य फारसे लागणार नाही, एक चौथरा आणि तंबूचे कापड पुरे. स्टेनसाठी असा नट पाहावा लागेल जो शेवटच्या प्रवेशांत हातही न हलवता बसून बोलू शकेल. म्हातारीसाठी मात्र अनुभवी अभिनेत्री हवी, आणि तिने तो प्रश्न प्रेक्षकांकडे पाहून, उत्तराची खरोखर वाट पाहत विचारला पाहिजे. पहिला प्रयोग नगरला झाला तर किल्ल्यातल्या त्या कैद्यांविषयी दोन शब्द प्रयोगाच्या पत्रिकेत छापावेत, एवढी माझी विनंती राहील.